लोगो नंतर बघू, आधी मे महिन्याचं गणित: गावात खाद्यव्यवसाय काढणाऱ्या मुलाला उत्तर

प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल काय चाललंय. मुलगा पुण्यात नोकरीला, गाव कुडाळ तालुक्यात. वाडीत बत्तीस घरं, त्यातली एकोणीस गणपती आणि मे महिना सोडला तर बंद. आई आणि बचत गटातल्या आठ बायका मिळून आमसुलं, आगळ (कोकमाचा मिठातला रस), आंबापोळी, तळलेले गरे करतात, ते ओळखीपाळखीत खपतं. याला वाटतं की याचा नीट ब्रँड करावा, वेबसाइट काढावी, गावात काम यावं, बंद घरं उघडावीत. लोगो आणि पॅकिंगचं 85 हजारांचं कोटेशन हातात आहे, देऊ का असं विचारतोय.

नको देऊस. (तुला तूच म्हणते, माझ्या धाकट्याच्या वयाचा असशील.) ते 85 हजार मे महिन्यासाठी ठेव, का ते सांगते, जरा लांबेल.

मी 2002 पासून हे करते. सुरुवात घरच्या पडवीत तीन बायकांनी, आता एक छोटं युनिट आहे, हंगामात वीस-बावीस जणी असतात, आणि मधल्या काळात सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या बऱ्याच बचत गटांना शिकवायला गेलेय. त्यातले निम्मे गट तीन वर्षांत बंद पडलेले पण बघितलेत. बंद पडले त्यातल्या एकाचाही माल वाईट नव्हता हे आधी लिहून ठेवते. चव सगळ्यांचीच चांगली असते, आपल्याकडच्या बायकांच्या हाताला चव असतेच, तो प्रश्नच नाही.

प्रश्न हा आहे की आपल्या गावात पिकतं भरपूर पण गावात ठरत काहीच नाही. आंबा पेट्या भरून वाशीला, काजू बी दारात आलेल्या व्यापाऱ्याच्या पोत्यात, फणस झाडाखाली कुजतोय, रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पावसात गळून पडतात. सगळं त्याच आठवड्यात विकावं लागतं नाहीतर जातं. आणि एप्रिल-मेमध्येच घरात पैसा लागतो, लग्नं तेव्हाच, घराची डागडुजी तेव्हाच, जूनला शाळेची फी आणि भाताचं बियाणं. मग व्यापारी जो भाव देईल तो घ्यायचा. त्याची चूक नाही तशी, त्याच्याकडे गोडाऊन आहे आणि रोकड आहे, तो थांबू शकतो, आपण थांबू शकत नाही. जो माल धरून ठेवू शकतो तो भाव ठरवतो. म्हणून माझ्या मते गावचा खाद्यव्यवसाय म्हणजे मुळात ब्रँड नाही, माल धरून ठेवायची सोय आहे. जागा, भांडी, मीठ, ऊन, आणि मे महिन्यात हातात रोख. हे जमलं की बाकी सगळं नंतर जमतं, हे नसेल तर लोगो कितीही छान असू दे.

म्हणूनच सुरुवात कोकमाने कर म्हणते, आंब्याने नको. सगळ्यांना हापूसचं वेड असतं, नाव आहे म्हणून. पण आंब्याचा पल्प धरायचा तर कॅनिंग पाहिजे किंवा डीप फ्रीझर, आणि आपल्याकडची वीज माहितीच आहे, मे-जूनमध्ये एक वादळ झालं की दोन-दोन दिवस लाईट नाही. कोकमाला यातलं काही लागत नाही. मिठावर आगळ वर्षभर टिकतं, आमसूल नीट वाळलं असेल तर दोन वर्षं काही होत नाही, उलट जुनं आमसूल काळंभोर होतं आणि काही गिऱ्हाइकं मुद्दाम तेच मागतात. बिया वाळवून पोत्यात भरून ठेवल्या की भाव येईपर्यंत थांबता येतं, त्याचं तेल कॉस्मेटिकवाल्यांना लागतं. एकाच फळातून तीन-चार वस्तू आणि एकीलाही फ्रीज नको. गरिबाचं कोल्ड स्टोरेज म्हणजे मीठ.

आता प्रत्यक्ष काम. आईला हे सगळं येत असेल, पण घरापुरतं करणं वेगळं आणि दोन टन करणं वेगळं, म्हणून लिहिते.

रातांबा तोडल्यावर चार-पाच दिवसांत फोडलाच पाहिजे. म्हणजे तोडणारा माणूस, आणणारा टेम्पो आणि फोडणाऱ्या बायका या तिन्हींची वेळ जुळली पाहिजे, आणि यातला सगळ्यात कठीण कोण तर तोडणारा. झाडं उंच, चढणारी जुनी माणसं थकली, नवीन पोरं चढत नाहीत. आमच्याकडे तोडणाऱ्याची मजुरी कधी कधी फळाच्या किमतीच्या जवळ जाते. हा खर्च नव्या माणसाच्या कागदावर कधीच नसतो.

फोडल्यावर साल वेगळी, गर-बी वेगळी. गर-बीत मीठ घालून रस सुटतो, त्या रसात साली रात्रभर बुडवायच्या, सकाळी उन्हात घालायच्या, संध्याकाळी परत रसात. याला पुट देणं म्हणतात. बाजारात स्वस्त मिळतं ते एक-दोन पुटांचं असतं, लाल दिसतं, कढीत टाकलं तर नुसतं आंबट पाणी. आम्ही पाच पुटं देतो. दहा किलो रातांब्यापासून आम्हाला जेमतेम किलो-सव्वा किलो आमसूल मिळतं, त्यामुळे कोणी मला भाव खूप आहे म्हणालं की मी त्यालाच मे महिन्यात खळ्यात उभा राहायला बोलावते.

आगळाला मीठ साधारण 15-16 टक्के. रोज लाकडी उलथन्याने हलवायचं, आठवडाभर, मग गाळून ड्रममध्ये. पाण्याचा थेंब नको. एकीचा ओला हात गेला की वर पांढरी बुरशी धरते आणि मग अख्खा ड्रम संशयात. लोखंड, ॲल्युमिनियम, पितळ काही चालत नाही, आम्ल खाऊन टाकतं आणि रंग जातो, स्टेनलेस किंवा फूड ग्रेड प्लास्टिकच.

मिठावरून आठवलं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पुण्याच्या एका दुकानदाराने सांगितलं की तुमचं आगळ फार खारट आहे, हल्ली लोकांना बीपी असतं, मीठ कमी करा, मी महिन्याला 200 बाटल्या घेतो. दोनशे ऐकून मी हुरळले. मीठ निम्म्यावर आणलं. पहिल्या खेपेला कौतुक झालं, दुसरी खेप ऑगस्टमध्ये गेली आणि एसटीच्या पार्सलमध्येच बाटल्या फुगल्या, झाकणं उडाली, कोणाच्या तरी गादीच्या पार्सलवर लालभडक डाग. गादीचे पैसे भरले, दुकानदाराने फोन घेणं बंद केलं. तेव्हा कळलं की मीठ हे चवीसाठी नाहीच, तो आपला फ्रीज आहे, तो निम्मा बंद केला तर माल निम्मा नासणारच. गिऱ्हाइकाला कमी मीठ पाहिजे असेल तर त्याने कढीत आगळ कमी घालावं आणि वरून मीठ घालू नये, एवढं लेबलवर लिहिलं की भागतं. आता लिहितो आम्ही.

दुसरा शत्रू पाऊस. रातांबा एप्रिलपासून पिकतो पण मोठा बहर मे अखेरीला, आणि तेव्हाच वर ढग. 2021 ला 16 मेच्या सुमारास तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा खळ्यात घातलेली सगळी साल मी डोळ्यांसमोर गेलेली बघितली. 2025 ला तर मान्सूनच 25 मेला देवगडला पोचला, त्याच्या आधीचे चार-पाच दिवसही पाऊस, म्हणजे ज्या पंधरा दिवसांत अर्धा हंगाम होतो तेच गेले. पूर्वी मिरगापर्यंत ऊन धरून चालायचो, आता धरत नाही. म्हणून लोगोच्या आधी पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याचा सोलर ड्रायर, छोटा चालेल, गावातला वेल्डर पण करून देतो, वर हवा जायला जागा ठेवायला सांग नाहीतर आत घाम धरतो आणि साल वाळण्याऐवजी उकडते. ढग जास्त असतील तर सालीचं आमसूल करण्याचा हट्ट सोडून सरळ सगळं आगळात घालायचं. हा निर्णय त्या दिवशी सकाळी सातला घ्यावा लागतो आणि तो घेणारं माणूस गावात पाहिजे. पुण्यातून व्हॉट्सॲपवर होत नाही, तुला बोलत नाही, पण ऐकून ठेव.

आता गणित. आकडे गोल धरलेत, तुझ्या गावचे भाव तू टाक. समज 2,000 किलो रातांबे 25 रुपयांनी घेतले, 50,000. एक बाई दिवसाला पन्नासेक किलो फोडते, म्हणजे 40 रोज, 400 रुपयांनी 16,000. पुटं, वाळवण, ढवळणं, गाळणं याचे 30 रोज, 12,000. मीठ, फडकी, हातमोजे आणि किरकोळ 6,000. झाले 84,000, आणि हे सगळे पैसे साधारण 10 मे ते 10 जूनच्या महिन्यात बाहेर जातात, उधारीवर यातलं काहीच मिळत नाही. आत कधी येतात? थोडे जून-जुलैत, बरे गणपतीत, मग दिवाळीनंतर पर्यटक आले की, आणि सगळ्यात जास्त फेब्रुवारी ते एप्रिल जेव्हा उन्हाळ्यात लोकांना सोलकढी आठवते. म्हणजे तुझे 84 हजार दहा-अकरा महिने ड्रममध्ये बसून असतात. नफा आहे, चांगला आहे, पण तोपर्यंत तग धरायला पाहिजे. जे गट बंद पडले ते इथेच पडले. ऑगस्टमध्ये कोणाला तरी पैशाची गरज लागली, सगळं आगळ घाऊक भावात व्यापाऱ्याला दिलं, तोच व्यापारी मार्चमध्ये दुप्पट भावाने विकतो.

अमृत कोकम, म्हणजे कोकमाचं साखरेतलं सरबत, वरच्या हिशोबात धरलेलं नाही. 100 किलो सालीला 200 किलो साखर जाते, 45 रुपयांनी धरलं तर 9,000 रुपये नुसती साखर, शिवाय ब्रिक्स (साखरेचं प्रमाण) 65 च्या वर आहे ना हे मोजायला रिफ्रॅक्टोमीटर पाहिजे. पहिल्या वर्षी थोडंच कर.

आणि बाटल्या एकदम भरू नकोस. हे मला दहा वर्षांनी सुचलं. आधी आम्ही जूनमध्येच सगळं बाटलीत भरायचो, लेबल लावून रांगेत ठेवलं की बरं वाटायचं. बाटली, बूच, लेबल, खोका यात पैसे अडकायचे, आणि मार्चच्या गिऱ्हाइकाला नऊ महिन्यांपूर्वीची तारीख दिसायची. आता ड्रममध्ये ठेवतो आणि ऑर्डर आली की भरतो. उत्पादनाची आणि पॅकिंगची तारीख वेगवेगळी असते ती दोन्ही खरी टाक, त्यात लपवाछपवी करू नकोस, बॅचचं रजिस्टर ठेव, वहीत ठेवलं तरी चालेल.

गिऱ्हाईक कुठे शोधायचं यावर माझं मत तुला आवडणार नाही. वेबसाइट शेवटी. पहिलं गिऱ्हाईक खानावळ. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला, कुडाळ स्टेशनजवळची हॉटेलं, माशाच्या ताटाबरोबर सोलकढी देतच नाही असं एक दाखव. त्यातले कितीतरी जण बाहेरचं रंग घातलेलं आगळ वापरतात कारण गावातलं कोणी वर्षभर नियमित देत नाही. त्यांना लोगो नको, चकचकीत बाटली नको, पाच लिटरचा कॅन दर पंधरा दिवसांनी दारात आणि चव तीच पाहिजे. (लायसन्स नंबर, तारीख, बॅच कॅनवर पण लागते, ते सुटत नाही.) भाव किरकोळीपेक्षा कमी पडतो पण पैसे कॅनमागे रोख, आणि महत्त्वाचं म्हणजे महिन्याला किती जाणार ते आधी कळतं. आमचा अर्धा माल अजून असाच जातो, आणि पगार त्यावर निघतो.

एका हॉटेलवाल्याने उधारी सुरू केली होती, सीझन झाला की देतो म्हणाला, सीझन झाला आणि हॉटेलच दुसऱ्याने चालवायला घेतलं. तेव्हापासून रिकामा कॅन आणि मागच्या कॅनचे पैसे हातात आल्याशिवाय नवीन कॅन खाली उतरत नाही. सुरुवातीला लाज वाटायची मागायला. आता वाटत नाही.

दुसरं गिऱ्हाईक आपलाच चाकरमानी. तुझी ती एकोणीस बंद घरं म्हणजे एकोणीस दुकानं आहेत असं बघ जरा. गणपतीत सगळे येतात, परत जाताना प्रत्येकाला कोकम, कुळीथ पीठ, खोबरं, लाडू असं काहीतरी न्यायचं असतं आणि ते कुडाळच्या बाजारातून घेतात, तुझ्या आईकडून नाही, कारण आईकडे मागितलं तर ती पैसे घेणार नाही हे त्यांना माहीत आहे. हा आपल्याकडचा खरा घोळ आहे! नात्यात पैसे घ्यायचे नाहीत म्हणून नात्यातलं गिऱ्हाईक जातं. आम्ही यावर उपाय म्हणून भावाचा बोर्ड लावला आणि विक्रीला गटातली दुसऱ्या वाडीची बाई बसवली. तिचं कोणाशी नातं नाही, ती पैसे घेते, सगळ्यांची सोय झाली. ऑर्डर जुलैमध्येच वाडीच्या ग्रुपवर घे, थोडे ॲडव्हान्स घे. एक चाकरमानी मुंबईत आपल्या बिल्डिंगमध्ये पाच घरं जोडतो, ही जाहिरात कुठल्याही कोटेशनमध्ये मिळत नाही.

प्रदर्शनांबद्दल एकच सांगते, विक्री किती झाली हे मोजू नकोस, गाडीभाडं, राहणं, जेवण, दोन बायकांचे पाच दिवसांचे रोज वजा करून काय उरलं ते मोज. आम्ही एकदा मुंबईत 60 हजारांची विक्री करून 1,100 रुपये घेऊन घरी आलो होतो. तरी वर्षातून एकदा जावं, बायकांना बाहेर काय चाललंय ते दिसतं आणि भाव मागायचा धीर येतो.

कागदपत्रं. फूड लायसन्स पहिल्या दिवशीपासून. वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर नुसतं रजिस्ट्रेशन लागायचं, वर्षाला 100 रुपये, मी शेवटचं भरलं तेव्हा हेच होतं, नियम बदलत असतात म्हणून भरण्याआधी पोर्टलवर स्वतः बघ, एजंटला तीन हजार देऊ नकोस. लेबलवर घटक, निव्वळ वजन, तारीख, बॅच, पत्ता, लायसन्स नंबर, हिरवा ठिपका आणि पोषणमूल्यं. कोकमाने वजन कमी होतं, पित्त जातं असलं काही छापू नकोस, घरात आजी सांगते ते ठीक, बाटलीवर लिहिलं की तो औषधी दावा होतो आणि नोटीस येते. जीआय (भौगोलिक मानांकन) पण आहे, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्येच मिळाला, वेंगुर्ल्याच्या काजूलाही त्याच वर्षी, पण तो शिक्का वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते, कोकणात राहतो म्हणून आपोआप मिळत नाही. सवडीने कर, घाईचं नाही.

सबसिडीबद्दल जपून. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना 2020 मध्ये आली, त्यात प्रकल्पाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख. ऐकायला मस्त. पण ती कर्जाला जोडलेली आहे, किमान दहा टक्के स्वतःचे लागतात, आणि सबसिडी हातात येत नाही, बँकेत वेगळ्या खात्यात तीन वर्षं पडून राहते, कर्ज नीट चाललं तर मग कर्जात वळती होते. लोक आधीच तिच्यावर मशीन घेतात आणि फसतात. पल्पर (गर काढायचं मशीन), बॉयलर घेऊन धूळ खात पडलेली युनिटं मी तुला दिवसभर फिरवून दाखवू शकते. बचत गटाच्या सभासदामागे 40 हजार बीज भांडवलाची सोय त्याच योजनेत होती, ती मात्र तुझ्या आईच्या गटाला खरी उपयोगाची, कारण मे महिन्याचं खेळतं भांडवल हीच तर अडचण आहे. सध्या ती कुठल्या स्वरूपात चालू आहे ते तालुक्याच्या उमेदच्या (बचत गटांचं सरकारी अभियान) ऑफिसात विचार.

आणि बँकेत जायच्या आधी सातबारा काढून बघ. पैज लावते त्यावर वीस-पंचवीस नावं असतील, त्यातले निम्मे वारलेले, बाकीचे मुंबईत. सामायिक जमिनीवर बँक सहजी कर्ज देत नाही आणि शेडला परवानगी मिळायला सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि जी जागा चाळीस वर्षं कोणी ढुंकून बघितली नाही तिच्यावर शेड म्हटलं की काका-पुतण्यांना एकदम गावची आठवण येते. कोकणात धंदे भांडवलापेक्षा सातबाऱ्याने जास्त मारलेत. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं बांधकाम करूच नकोस. तुमचा मांगर (बागेतली किंवा शेतातली खोपी) असेल तर तो साफ कर, लाद्या घाल, जाळ्या मार. नाहीतर त्या बंद घरांपैकी एक भाड्याने घे, लेखी करार करून. बंद घर वापरात राहिलं तर टिकतं, मालकाला हे पटवणं सोपं जातं, वाळवीने खाण्यापेक्षा बरं.

आता बायकांचं, आणि यात मी चुकले होते म्हणून सविस्तर. पहिल्या दोन वर्षी आम्ही ठरवलं की सगळ्या भागीदार, माल विकला की नफा वाटून घेऊ. ऐकायला छान वाटतं, सहकार वगैरे. पण मे महिन्यात जी बाई उन्हात आठ तास बसून फोडते तिला मार्चमध्ये पैसे मिळणार असतील तर ती पुढच्या वर्षी काजूच्या फॅक्टरीत जाते, तिथे आठवड्याला पगार होतो. एक म्हातारी मला रोज संध्याकाळी विचारायची, "गो बाय, पैशे कधी गावतले?" आणि मी रोज काहीतरी सांगायचे. शेवटी ती यायची थांबली. आता नियम आहे, कामाची मजुरी दर शनिवारी रोख किंवा खात्यात, नफा असेल तो एप्रिलमध्ये वेगळा वाटायचा. त्यासाठीच ते 84 हजार आधी हातात पाहिजेत. जिच्या खात्यावर पैसे जातात ते खातं तिचंच आहे ना, मोबाईल नवऱ्याकडे नाही ना, हेही बघायचं.

हिशोब लिहिणारी एक तरुण मुलगी किंवा सून घे आणि तिला त्याचे वेगळे पैसे दे. हिशोब हे फुकटचं काम समजलं की तो कोणी नीट लिहीत नाही, आणि आमच्याकडची भांडणं पैशापेक्षा हिशोबावरूनच जास्त झाली.

बाकीच्या वस्तूंवर पटकन. तळलेले गरे चांगले खपतात पण तेलाला खवट वास यायच्या आत, म्हणजे महिना-दीड महिन्यात, ऑर्डरप्रमाणेच करायचे, कापा (कडक गऱ्यांचा) फणसच घ्यायचा, बरक्याचं (मऊ गऱ्यांच्या फणसाचं) साठ, म्हणजे फणसपोळी, वाळवायचं. आंबापोळी घरगुती ठेव, त्यात कष्टाच्या मानाने काही उरत नाही. काजूगराचं युनिट मोठ्यांचा खेळ आहे, आफ्रिकेतून येणाऱ्या बीच्या भावावर आपला भाव हलतो. पण ओले काजूगर, फेब्रुवारी-मार्चमध्ये सोललेले, त्याला मुंबईत वाट्टेल तो भाव मिळतो, हात सोलपटतात तो भाग वेगळा. बोंडूंचं (काजूच्या बीला लागलेल्या रसाळ फळांचं) दुःख मात्र मला अजून आहे, पलीकडे गोव्यात त्याच बोंडूची फेणी होते, तिला 2009 मध्ये जीआयसुद्धा मिळाला, आणि आपल्याकडे गाडीच्या चाकाखाली लगदा.

झाडांबद्दल एक. तुमच्याकडची रातांब्याची झाडं बी पडून आलेली असतील, आणि बीपासून आलेल्यात साधारण निम्मी नर निघतात, ती फळच देत नाहीत, आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. म्हणून लावायची तर कलमं, दापोली विद्यापीठाची कोकण अमृता म्हणून जात आहे तिचं फळ पावसाच्या आधी तयार होतं, वर पावसाचं जे रडगाणं गायलं त्यावर हाच खरा इलाज. दरवर्षी पंचवीस कलमं लाव, पण नर अजिबात नाही असं करू नकोस, फळधारणेला मध्ये एखादा लागतो. रानात नुसती लावून सोडलीस तर गवे आणि माकडं ठेवणार नाहीत, घराजवळ लाव.

आता तुझा मोठा प्रश्न, बंद घरं उघडतील का. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर आली, सिंधुदुर्गाची 8 लाख 69 हजारांवरून 8 लाख 50 हजारांवर. राज्यभर माणसं वाढत होती आणि आपल्याकडे चक्क घटली. रत्नागिरीत तेव्हा हजार पुरुषांमागे 1,122 बायका. हे गाव सोडून जाणं शंभर वर्षांचं आहे, मुंबईला गिरणीत गेलेला माणूस, मनिऑर्डरवर चाललेलं घर. ते आठ बायकांच्या आगळाने उलटणार नाही, तसं कोणी तुला प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिहून देत असेल तर पैसे परत माग.

पण मी काय बघितलं ते सांगते. आमच्या वाडीत 2002 नंतर मुंबईहून कायमचं परत आलेलं एकच कुटुंब आहे. मात्र जी जायच्या बेतात होती ती चार घरं गेली नाहीत. एकीचा नवरा कॅन पोचवायला टेम्पो चालवतो, तोच पर्यटकांची भाडी मारतो. एकाने कलमांची नर्सरी काढली, त्याचं आता आमच्यापेक्षा बरं चाललंय. एका सुनेने हिशोब शिकून बँकेची बीसी एजन्सी (गावातच बँकेचे व्यवहार करून देणं) घेतली. वाडीतली शाळा पटसंख्येवरून बंद व्हायच्या यादीत होती, ती अजून चालू आहे, अकरा मुलं आहेत. त्यातली पाच या चार घरांतली. एवढंच आहे, आणि त्याला चोवीस वर्षं लागली.

म्हणून तू नोकरी सोडून येऊ नकोस, निदान यावर्षी तरी नको. तुझा पगार हे सध्या गटाचं सगळ्यात स्वस्त भांडवल आहे. मे महिन्याची सगळी रजा साठवून ठेव, पंधरा दिवस ये, खळ्यात उभा राहा, दोन टन नाही तर पाचशे किलो कर. चार खानावळी पकड. मग पुढच्या मार्चमध्ये ड्रममध्ये किती उरलंय ते बघ, आणि तेव्हा परत लिही, लोगोचं पण बोलू.

ड्रम घेताना एक सांभाळ. जुने निळे ड्रम कोल्हापूरला, एमआयडीसीच्या बाहेर अर्ध्या किमतीत मिळतात, त्यात आधी काय होतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. मी एकदा चार घेतले, सोड्याने धुतले, महिनाभर उन्हात ठेवले, वास गेला असं वाटलं. आगळ घातल्यावर आठव्या दिवशी तोच वास परत वर आला. ते चारही ड्रम आता नर्सरीवाल्याकडे आहेत, कलमांना पाणी घालायला.